इंचाला सूत

रविवार, २ नोव्हेंबर

अण्णांच्या विमानाचं मॉडेल इथल्या मराठी मंडळाच्या प्रदर्शनात येणार हे पक्कं झालं. दुजोरा खुद्द मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त ग्रुप कॅप्टन विश्वजित पाटणकर यांचा. फोनवर, दुपारी सव्वाबारा. प्रदर्शन १४ डिसेंबरला, लखनौच्या महानगर भागातल्या हॉलमध्ये. विषय: एकाहत्तरच्या युद्धातले मराठी हवाई सैनिक.

आधी बातमी, मग ती कोणी सांगितली ते, ही ऑफिसची सवय. रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात सत्तावीस वर्षं झाली. कागदाच्या कोपऱ्यात तीन चौकटी असतात: काढलं, तपासलं, मंजूर. तिन्ही भरल्याशिवाय कागद वर्कशॉपला जात नाही. आजवर डब्यांच्या बोगीच काढल्या, म्हणजे डब्याखालचे चाकांचे सांगाडे. विमान पहिल्यांदाच.

अण्णा, म्हणजे माझे वडील बाळकृष्ण शिंगटे, हवाई दलात फिटर होते, नॅट या लढाऊ विमानावर. वय अठ्ठ्याहत्तर. डोळ्यांच्या मधोमध डाग पडल्याने कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. बातमी ऐकून म्हणाले, "चाकांवर उभं करायचं." एवढंच. मग रेडिओ लावला.

बुधवार, ५ नोव्हेंबर. सुट्टी

अण्णांच्या ट्रंकेतून खिशात मावेल एवढी वही निघाली. तेलाचे डाग, पेन्सिलीचं लिखाण, सगळी मापं इंच आणि सुतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतार अजून वापरतात. मी आयुष्यभर मिलिमीटरमध्ये काम केलेली. म्हटलं, मॉडेल एकास दहा करू, हिशोब सोपा. अण्णा म्हणाले, "एकास आठ घे. इंचाला सूत. हिशोब करायलाच नको."

खरंच की. विमानावर जे वीस इंच, ते मॉडेलवर वीस सूत. पंखांचा पसारा बावीस फूट, म्हणजे आपले पावणेतीन फूट. नॅट इतकं लहान होतं हे मला माहीत नव्हतं. दोन नॅट शेजारी लावले तर आमचा एक डबा भरणार नाही.

अवनीनं कॉम्प्युटरवर सांगाडा उभा करायला घेतला. माझी मुलगी, चोवीस वर्षांची, थ्री-डी प्रिंटिंगच्या एका कंपनीत आहे. मराठी सगळं कळतं, पण तोंड उघडलं की हिंदी. आजोबांना नाना म्हणते. तिनं विचारलं, "सूत मतलब धागा, ना?" अण्णा हसले नाहीत. वही तिच्या हातात दिली. मला त्या वहीला कधी हात लावू दिला नव्हता.

रविवार, ९ नोव्हेंबर

नाक जमलं नाही. हवा आत घेणारी दोन्ही तोंडं चपटी आली. अण्णांनी प्रिंट केलेला तुकडा बोटांनी चाचपला आणि म्हणाले, हे बेडूक झालं. अवनी रुसली. संध्याकाळी पुन्हा बसली.

शेजारच्या चंद्रप्रभाजींनी इथून जवळच्या मलिहाबादच्या कैरीचं लोणचं दिलं. अण्णांनी वाटी सरकवून दिली. तिथल्या दशहरी आंब्यालाही ते हात लावत नाहीत. लखनौत आमच्याकडे येऊन तेरा वर्षं झाली, एकदाही नाही. हापूसचा अभिमान. साताऱ्यात कुठला आलाय हापूस, पण असतो एकेकाचा हट्ट. ऑफिसची सहल मलिहाबादच्या बागेत गेली होती, तेव्हाही हा माणूस घरीच राहिला.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

पाटणकरांचा फोन. विमान उडतानाचं हवं. चाकं आत, चंदेरी रंग, खाली काचेचा दांडा. "जमिनीवर उभं विमान म्हणजे देविकाताई, बसलेला वाघ." मी म्हटलं, वाघ बराच वेळ बसूनच असतो. त्यांना आवडलं नाही.

अण्णांना सांगितलं. ते म्हणाले की विमान आकाशात असताना ते वैमानिकाचं असतं. जमिनीवर असताना त्यांचं होतं. चाकांवर उभं नसेल तर त्यांना त्यात काही सांगायचं नाही, मंडळानं विकतचं आणावं.

आणि रंग चंदेरी नाही. त्यांच्या तळावर युद्धाच्या तोंडावर हाताला लागला तो हिरवा रंग घरच्या ब्रशनं फासला होता, ब्रशचे फरांटे दिसत. अवनी खूश झाली. म्हणाली, "फरांटे मैं करूँगी, मेरे तो वैसे भी आते हैं।"

मी पाटणकरांना उलट मेसेज पाठवला: मॉडेल चाकांवर, हिरवं. उत्तर नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

आज चाकांचे पाय. अण्णा त्यांना पायच म्हणतात. नॅटला वेगळे हवाई ब्रेक नव्हते. वेग कमी करायचा असला की वैमानिक हवेतच पाय अर्धवट खाली काढायचा, आणि पायांना जोडलेली दारं वारा अडवायची. म्हणजे पायांवर जमिनीचा मार वेगळा, आकाशातला वेगळा. बोगीच्या भाषेत सांगायचं तर स्प्रिंगनंच ब्रेकचंही काम करायचं. माझ्या ऑफिसात असं ड्रॉइंग कुणी मंजूर केलं नसतं. अण्णा म्हणाले, "म्हणून तर रोज बघावं लागायचं."

मग म्हणाले, एका पायावर, वरच्या सांध्यापाशी, दारामागे, लाल खडूचं गोल हवं. तीन इंचांचं, म्हणजे तीन सूत. बोटाला लागेल असं उठावदार. मी विचारलं, कसलं गोल? चीर दिसली की खूण करायची पद्धत होती, म्हणाले, आणि चहा मागितला.

दारामागचं गोल, जे कुणाला दिसणारच नाही. मी सोडून दिलं असतं. त्यांनी तीनदा बजावलं.

बुधवार, १९ नोव्हेंबर

बातमी वाईट. पाटणकरांनी एका जुन्या पुस्तिकेच्या पानाचा फोटो पाठवला. तळाच्या आठवणी, कुण्या निवृत्त अधिकाऱ्यानं स्वखर्चानं छापलेल्या. पाटणकर म्हणतात, चौकशीच्या कागदांवरूनच लिहिलं आहे. उतरवून घेते:

"उड्डाणापूर्वी फिटरने उजव्या पायात चीर असल्याचे सांगितले. सार्जंटने उजवा पाय तपासला, दोष आढळला नाही. उतरताना डावा पाय मोडला. विमान निकामी झाले, वैमानिकाची पाठ कायमची जायबंदी झाली. फिटरने चुकीची बाजू सांगितल्याचे चौकशीत निष्पन्न झाले."

नाव नाही. पण खाली पाटणकरांनी लिहिलं होतं: हे आपलेच वडील ना? मॉडेल चाकांवर ठेवायचं तर पाटीवर हा मजकूर द्यावा लागेल, लोक विचारणारच. चाकं आत घ्या, विषय मिटेल. मी आपल्या भल्याचंच सांगतो आहे.

मला हे काहीच माहीत नव्हतं. पंधरा वर्षं नोकरी करून अण्णा कॉर्पोरल म्हणूनच बाहेर पडले आणि साताऱ्यात एसटीच्या डेपोत लागले. नववीत असताना मी त्यांना विचारलं होतं, इतरांचे वडील सार्जंट झाले, वॉरंट ऑफिसर झाले, तुम्ही का नाही? आई माझ्यावर ओरडली होती. अण्णा सायकल पुसत होते, पुसतच राहिले.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

इथे खोटं लिहून उपयोग नाही. दोन दिवस वाटतंय, अण्णाच चुकले असतील. घाईत डाव्या-उजव्याचा घोळ कुणाचा होत नाही? माझ्या हाताखालच्या एका मुलानं आख्खी बोगी आरशातली काढली होती, आणि मी ती तपासून सही केली होती.

तरी चाकं आत घेणार नाही. चुकले असले तर चाकांवर उभे राहून चुकलेत. पाटणकरांना कळवलं: मॉडेल चाकांवरच. पाटीचं नंतर बघू.

रविवार, ३० नोव्हेंबर

हे नीट लिहून ठेवायचं आहे.

सगळे तुकडे आले. जोडणी जेवणाच्या टेबलावर. अण्णांनी शेपटीपासून सुरुवात केली, बोटं फिरवत पुढे आले. बेडूक गेलं, म्हणाले, आता नाक झालं. मग पोटाखाली हात घातला. एक दार, मागे काही नाही. दुसरं दार, मागे गोल. हात तिथेच थांबला.

"हे उजव्याला केलंस."

अवनी म्हणाली, आपने ही तो बोला था. अण्णा म्हणाले, मी डाव्या म्हटलं होतं. ती म्हणाली, नहीं नाना, आपने दायाँ कहा था, मैंने रिकॉर्ड किया है. अण्णा भराभर बोलतात म्हणून ती त्यांच्या सूचना फोनवर घेऊन ठेवते. मी मनात म्हटलं, हेच. आताही तेच झालं, तेव्हाही तेच झालं असेल. मी तिला खुणेनं नको म्हटलं. तिनं फोन लावलाच.

अण्णांचा आवाज आला, मागे मिक्सरची घरघर: "डाव्या पायाला. डाव्या पायाला, वरच्या सांध्याला."

अवनीनं पुन्हा लावलं. तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "सॉरी नाना. मुझे लगा दायाँ पाया. डावा तो लेफ्ट होता है, मुझे पता है यार. पर आवाज़ में दायाँ ही सुनाई दिया।"

अण्णांनी तिसऱ्यांदा लावायला सांगितलं. मग चौथ्यांदा. मला वाटलं रागावले. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले.

"इंजन चालू होतं," म्हणाले. "बारा मिनिटांत विमान परत सोडायचं. मी पोटाखाली, सार्जंट बाहेर. मी वरडलो. इतकी वर्षं मला वाटायचं, मी लेफ्ट म्हणालो."

अवनीनं फोन बंद केला.

"मी लेफ्ट न्हाई म्हणालो, देविका. दोन दिवस झोप नव्हती. मी डाव्या म्हणालो. आईच्या भाषेत वरडलो."

मग हळूहळू बाकीचं सांगितलं. सार्जंटनं ऐकलं, मान हलवली, उजव्या बाजूला शिरला (अण्णा तोवर शेपटीकडे गेले होते, त्यांना बाजू दिसली नाही), पाय नीट पाहिला, बाहेर येऊन अंगठा वर केला. अण्णांना वाटलं, त्यानं गोल पाहिलं आणि चालवून घेण्यासारखं ठरवलं. त्याला जास्त कळतं. चौकशी सगळी इंग्रजीत झाली. लेफ्ट म्हणालास की राइट, एवढंच विचारलं. अण्णा म्हणाले लेफ्ट. सार्जंट म्हणाला राइट. तोंडातून नेमका कुठला शब्द निघाला ते कुणी विचारलं नाही, आणि अण्णांनाही सुचलं नाही. खडूचं गोल धावपट्टीवर घासून गेलं होतं.

"चोपन्न वर्षं मी त्या माणसाला खोटारडा समजलो," अण्णा म्हणाले.

सार्जंटचं नाव हबीब खाँ. गाव मलिहाबाद.

गुरुवार, ४ डिसेंबर

पाटणकरांना ऑफिसातून फोन. सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, हे मान्य करायला हवं. मग म्हणाले, ताई, पटण्यासारखं आहे, पण ही एका बाजूची आठवण. मंडळ छापील मजकुराच्या विरुद्ध पाटी कशी लावणार? दुसऱ्या बाजूचा दुजोरा आणा, लेखी. मुदत दहा तारीख.

माझंच हत्यार माझ्यावर. तपासलं ही चौकट रिकामी असेल तर मीही कागद परत पाठवते.

अण्णा म्हणतात पाटी नकोच. आता त्यांना कुणाविरुद्ध काही सिद्ध करायचं नाही. मी म्हटलं, मला करायचंय. नववीपासूनचं राहिलंय.

अवनीनं गोल डाव्या पायावर घेतलं. उजव्यावरचं घासून काढलं, तरी बोट फिरवलं की जागा कळते.

रविवार, ७ डिसेंबर

मलिहाबादला जाऊन आले. मी आणि अवनी. अण्णा आले नाहीत; ऐनवेळी म्हणाले, तो मला बघून उठून गेला तर?

पत्ता शोधायला अवघड नव्हता. नाक्यावरच्या चहावाल्यानं विचारलं, "फ़ौजी वाले खाँ साहब?" आणि एका बागेकडे हात केला. वय चौऱ्याऐंशी, ताठ, कानात यंत्र. नातसुनेला चहा सांगितला. मी शिंगटे आडनाव सांगितलं तेव्हा चष्मा काढून पुसला, परत घातला.

मी हिंदीत प्रस्तावना सुरू केली, वाईटच. त्यांनी हात वर करून थांबवलं. म्हणाले, किस्सा मला माहीत आहे, त्यात मीही होतो. नवीन काय आहे ते सांगा.

अवनीनं फोन त्यांच्या कानाजवळ धरला.

डाव्या पायाला. डाव्या पायाला.

त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं नाही. डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "यही आवाज़ थी। दायाँ पाया। मैंने सोचा, मराठा आदमी है, पाँव को पाया कह रहा है। हमारे यहाँ तो बीबी, पाया या पलंग का होता है या शोरबे का।"

शोरब्याचा पाया म्हणजे बकऱ्याच्या पायांचा रस्सा; अवनीला हसू आलं. तेही थोडे हसले.

मी त्यांना सांगितलं, डाव्या म्हणजे बायाँ. ते म्हणाले की गेली बरीच वर्षं त्यांच्याकडे फळ उतरवायला नाशिककडचा एक व्यापारी येतो. तो डावा म्हणतो, त्यांना कळतं. पण ते ऐकणं आणि हे ऐकणं कधी एकाशेजारी एक ठेवलं नाही. त्यांची समजूत अशी की पोरानं आपली कातडी वाचवायला राइटचं लेफ्ट केलं. चौकशीत त्यांनी कुराणाची शपथ घेतली होती, आणि शपथ खरी होती.

मग मी कागद पुढे केला. दोन ओळी, खाली सहीची जागा. त्यांनी वाचला आणि घडी करून मला परत दिला.

"काग़ज़ पर तो तब भी लिखा था, बिटिया। उसी का तो रोना है।"

मी म्हटलं, सहीशिवाय पाटी लागणार नाही.

"तो न लगे। किस दिन है आपका तमाशा?"

मी तारीख सांगितली. ते म्हणाले, शिंगटेसमोर बोलेन. ज्याला लिहून घ्यायचं असेल त्यानं तिथे लिहून घ्यावं.

घरी येऊन अण्णांना सगळं सांगितलं. पलंगाचा पाया आणि शोरब्याचा पाया ऐकल्यावर त्यांचे खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं रडताहेत.

बुधवार, १० डिसेंबर

मुदत संपली. लेखी दुजोरा नाही. पाटणकरांनी कळवलं की फ्लेक्स छापायला गेला, पुस्तिकेतल्या मजकुरासह. चाकं खाली असल्याने पर्याय उरला नाही. त्यांनी दुःखही व्यक्त केलं, आणि ते खोटं नसावं. शेवटी एवढं म्हणाले की खाँसाहेब खरंच आले तर त्यांना खुर्ची ते स्वतः देतील.

मी उत्तर दिलं: फ्लेक्स तुमचा, मॉडेल आमचं. मॉडेलच्या बैठकीवर पितळेची पट्टी असेल, तिच्यावर काय लिहायचं ते आम्ही ठरवू. नको असेल तर टेबल रिकामं ठेवा. आम्ही हॉलबाहेर गाडीच्या बॉनेटवर ठेवून दाखवू. वाहनतळावर मंजुरी लागत नाही.

पाठवल्यावर अवनीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मम्मा, तुम तो ख़तरनाक हो. ऑफिसात सत्तावीस वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं.

शनिवार, १३ डिसेंबर

विमान तयार आहे. दिवाणखान्यात, तीन चाकांवर. फरांटे अवनीचे. डोळे मिटून हात फिरवला तर डाव्या दारामागे तीन सुतांचं गोल लागतं. लाल रंग अण्णांनी स्वतः भरला, कडेच्या नजरेनं, मान वाकडी करून. थोडा बाहेर आला आहे. तसाच ठेवला.

पट्टीवर कोपऱ्यात तीन चौकटी. काढलं: अवनी. तपासलं: अण्णा म्हणाले, माझं एकट्याचं नाव नको, जागा सोड, दोन नावं मावतील एवढी. मंजूर ही चौकट मी कोरायला सांगितली आणि रिकामी ठेवली. ती तशीच राहील.

वर एकच ओळ आहे, अण्णांनी सांगितलेली: "एक डाव्या म्हणाला, एकानं दायाँ ऐकलं. दोघं खरं बोलले."

दुपारी खाँसाहेबांच्या नातसुनेचा फोन आला. उद्या अकराला पोचतात. त्यांनी कोट इस्त्रीला दिलाय, पदकं काढून ठेवलीत. पाटणकरांना कळवलं, त्यांनी "ठीक" एवढंच लिहिलं. हॉल दहाला उघडेल.

अण्णांनी आज दाढी दोनदा केली. आत्ता जेवताना विचारत होते, दशहरी बाजारात कधी येतो. मी म्हटलं, जूनमध्ये. म्हणजे सहा महिने, म्हणाले, आणि चंद्रप्रभाजींच्या लोणच्याची वाटी स्वतःकडे ओढली.

गाडी साडेनऊला निघेल. विमान मागच्या सीटवर, अण्णांच्या मांडीवर. दारात फ्लेक्स असेलच, त्याच्यासमोरच उतरवू.